मूर्ती नवी, संशय जुना : तंजावरच्या हस्तकला निर्यातीची खरी कसोटी कागदपत्रांत

तंजावर : भौगोलिक मानांकन लाभलेल्या स्वामीमलैच्या कांस्यमूर्ती, नाचियारकोविलच्या समया आणि मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेली तंजावर चित्रे यांना परदेशातील मंदिरे व भारतीय कुटुंबांकडून मागणी आहे. वजनदार मूर्तींना विमानभाडे परवडत नसल्याने त्या समुद्रमार्गे जातात. या प्रवासात कारागिराच्या कौशल्याइतकेच महत्त्व कागदपत्रांना आणि ती हाताळणाऱ्या मालवाहतूक संस्थेला आले आहे.

त्यामागे या प्रदेशाचा कटू इतिहास आहे. शेजारच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतला. तो २०१४ मध्ये भारताला परत मिळाला. मूर्तितस्करीच्या प्रकरणात सुभाष कपूर याला कुंभकोणमच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली. प्राचीन मूर्ती ‘नव्या हस्तकला वस्तू’ म्हणून देशाबाहेर पाठवणे ही तस्करांची रीत होती. तिचा भुर्दंड आज प्रामाणिक शिल्पकाराला सोसावा लागतो, कारण त्याची नवी मूर्तीही चोल शैलीचीच असते.

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची खासगी निर्यात करता येत नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. त्यामुळे जुन्या घडणीच्या नव्या मूर्तीसोबत ‘पुरावशेष नसल्याचे’ प्रमाणपत्र असणे हिताचे ठरते. हे प्रमाणपत्र माल बंदराकडे रवाना होण्यापूर्वीच हाती हवे. सीमाशुल्क अधिकाऱ्याने पेटी अडवल्यानंतर धावपळ सुरू झाली, तर गोदामभाडे दररोज वाढत राहते.

तंजावर जिल्ह्याला किनारा असला तरी येथील कंटेनरसाठी चेन्नई किंवा तुतिकोरिनचाच रस्ता धरावा लागतो. लाकडी पेटीवर आंतरराष्ट्रीय निकषानुसार कीडनाशक प्रक्रियेचा शिक्का लागतो. उष्णतेच्या पद्धतीत लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर किमान ३० मिनिटे तापवला जातो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. लहान कारागिराचा माल बहुधा इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातो. अशा वेळी एकाची खोटी नोंद सर्वांचा माल अडकवू शकते. म्हणूनच माल एकत्र करणारी संस्था इतरांच्या पेट्या किती काटेकोरपणे तपासते, हा प्रश्न भाड्याच्या दराआधी विचारायला हवा.

संस्थेची पारख करण्याची साधने कायद्यातच आहेत. बहुविध मालवाहतूक अधिनियम, १९९३ नुसार परदेशापर्यंतच्या एकसंध वाहतुकीची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेने नौवहन महासंचालनालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. सीमाशुल्काचे काम करणाऱ्या दलालाकडे स्वतंत्र परवाना लागतो. या दोन्हींचे क्रमांक मागणे हा अविश्वास नव्हे, तर व्यवहाराची पहिली पायरी आहे.

संसदेने २०२५ मध्ये १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा आणि १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा बदलून नवे कायदे केले. भाषा सुटसुटीत झाली, तरी वाहकाच्या दायित्वाचे तत्त्व जुनेच आहे. मालाचे स्वरूप व मूल्य बिल ऑफ लेडिंगवर जाहीर केले नसेल, तर भरपाई प्रतिपेटी ६६६.६७ एसडीआर किंवा प्रतिकिलो २ एसडीआर, यांपैकी जास्त असेल त्या रकमेपुरती मर्यादित राहते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून त्याचे मूल्य साधारण १२० रुपये धरल्यास ५०० किलोच्या मूर्तीची भरपाई सव्वा लाखाच्या आतच राहते. धातू आणि मजुरीचा खर्चही त्यात निघणे कठीण. पेट्यांची संख्या नोंदवली नाही, तर अख्खा कंटेनर एकच नग मानला जाण्याचा धोका वेगळाच.

ही भीती काल्पनिक नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ सहाशेहून अधिक कंटेनरांसह बुडाले. पाठोपाठ ९ जून रोजी कोलंबोहून न्हावाशेवाकडे निघालेल्या ‘वान हाय ५०३’ला केरळच्या किनाऱ्यापलीकडे आग लागली. जहाज वाचवण्यासाठी केलेल्या खर्चाचा वाटा माल सुखरूप राहिलेल्यांकडूनही वसूल होऊ शकतो. सागरी विमा हाच त्यावरचा खात्रीचा आधार आहे.

मात्र सगळा भार एकट्या कारागिरावर टाकणे न्याय्य नाही. स्वामीमलैत राज्य हस्तकला महामंडळाच्या ‘पूंपुहार’चे उत्पादन केंद्र आहे. तेथेच पुरातत्त्व तपासणीची ठरावीक दिवशी सोय, प्रमाणित पेट्या आणि सामूहिक विमा उपलब्ध झाला, तर दलालाच्या शब्दावर विसंबण्याची वेळ कमी येईल. तस्करीविरुद्धची कठोर तपासणी आवश्यकच आहे. तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार धोरणकर्त्यांनी करायला हवा.