पंचेचाळीस दिवसांचा शब्द

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी किराणा मालाच्या दुकानात शोभून दिसते. आपल्या औद्योगिक वसाहतींत मात्र नेमका उलटा व्यवहार चालतो. भोसरीचा सुटे भाग बनविणारा लघुउद्योजक असो, अंबडचा पत्र्याचे काम करणारा असो की इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक असो, माल आज पोहोचतो आणि पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. त्याहून अधिक काळ बिल अडकले तरी तक्रार करण्याची सोय नसते, कारण पुढचे काम त्याच गिऱ्हाइकाकडून यायचे असते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

या उधारीचा खरा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे एकदा वही उघडून पाहिले पाहिजे. एक लाख रुपयांच्या बिलावर अठरा टक्के दराने जीएसटी असेल तर अठरा हजार रुपये पुरवठादाराला पुढच्याच महिन्यात सरकारजमा करावे लागतात. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. कामगारांचा पगार सात तारखेपर्यंत व्हायला हवा, भविष्य निर्वाह निधीचा भरणा पंधरा तारखेच्या आत झाला पाहिजे. हे सारे पैसे येतात बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून, व्याज भरून. म्हणजे दहा-बारा कामगारांचा धनी, ज्याच्यामागे कोट्यवधींची उलाढाल असते त्या खरेदीदाराला बिनव्याजी कर्ज पुरवीत असतो. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारा हा प्रकार आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणून मिरविला जातो.

याविरुद्ध कायदा नव्हता असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास पंधरा दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक केले. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्क्यांवर जाते, आणि ते खर्च म्हणून प्राप्तिकरात वजाही मिळत नाही. दाद मागण्यासाठी सुविधा परिषदा स्थापन झाल्या. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर यापेक्षा कडक तरतूद क्वचितच सापडेल. परंतु दाद मागायची ती पुरवठादाराने, आणि तो तर आधीच भयभीत!

२०२३ च्या वित्त अधिनियमाने ही कोंडी वेगळ्या बाजूने फोडली. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये (एच) हा खंड जोडला गेला आणि तो कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाला. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमातही ही तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. आशय साधा आहे : सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे वरील मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळेल. पुरवठादाराला कोणाचे वैर पत्करावे लागत नाही. काम करविभाग करतो.

उदाहरण घ्या. एका कारखानदाराने १ फेब्रुवारीला दहा लाखांचे सुटे भाग घेतले, लेखी करार केला नाही. मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर संपली, पैसे दिले जूनमध्ये. ३१ मार्चच्या ताळेबंदात त्याचा करपात्र नफा दहा लाखांनी फुगला. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्यास उपकरासह तीन लाख बारा हजारांचा कर आत्ताच भरावा लागला. पुढील वर्षी वजावट मिळेल हे खरे, पण कर भरण्यासाठी लागणारी रोकड पुढील वर्षी नव्हे, आज लागते. हाच माल पंचेचाळीस दिवसांच्या लेखी करारावर १० मार्चला आला असता आणि २४ एप्रिलपर्यंत पैसे दिले असते, तर काहीच बिघडले नसते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जीएसटी किंवा बँकेचे व्याज यांप्रमाणे विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी पैसे दिले की भागते, ही सवलत या खंडाला नाही. अनेकांची चूक येथेच होते.

२०२४ च्या मार्चअखेरीस बाजारात यावरून बरीच खळबळ उडाली. विशेषतः कापड व्यापारात, जिथे लांब मुदतीची उधारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे मालाचे परतावे झाले आणि लहान पुरवठादारांवर उद्यम नोंदणी रद्द करण्यासाठी दबाव आल्याच्या तक्रारी झाल्या. मोठे खरेदीदार मध्यम उद्योगांकडे वळतील, ही भीतीही बोलून दाखविली गेली. कारण मध्यम उद्योग या खंडाच्या बाहेर आहेत. भीती अगदीच निराधार नव्हती. पण म्हणून तरतूदच मागे घ्या, ही मागणी आम्हांला पटत नाही. जो व्यवहार दुसऱ्याच्या पैशावरच चालू शकतो, त्याला परंपरा म्हणणे हा परंपरेचा अपमान आहे. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची व्याख्या विस्तारून गुंतवणुकीची मर्यादा २५ कोटी आणि उलाढालीची १०० कोटी करण्यात आली, त्यामुळे या संरक्षणाबाहेरचे पुरवठादार आता पूर्वीपेक्षा कमी उरले आहेत.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण एकाच वेळी देणेकरीही आहेत आणि घेणेकरीही. पुरवठादार म्हणून उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी. पुरवठ्यानंतर केलेल्या नोंदणीवरून वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि चलनावर माल मिळाल्याची सही तारखेसह घ्यावी, कारण पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तीच स्वीकृतीची तारीख ठरते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती, विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना नाही. खरेदीदार म्हणून फेब्रुवारीतच प्रत्येक पुरवठादाराकडून तो सूक्ष्म, लघु की मध्यम, उत्पादक की व्यापारी, हे लेखी मागवावे आणि खातेवहीत त्यांची वेगळी यादी ठेवावी. अनुमानित पद्धतीने, म्हणजे कलम ४४ एडीखाली कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला या खंडाची झळ पोहोचत नाही. मात्र १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेला जीएसटीचा परतावा व्याजासह परत करावा लागतो, हा नियम नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

राहता राहिला सर्वांत मोठा थकबाकीदार. नगरपालिका, शासकीय खाती, पाणीपुरवठा योजना यांना प्राप्तिकराचे भय नाही, म्हणून खंड (एच) त्यांच्या बाबतीत लुळा पडतो. महाराष्ट्रातच २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली. लहान कारखानदाराला पंचेचाळीस दिवसांचा दंडक लावणाऱ्या शासनाने स्वतःच्या बिलांवरील २००६ च्या कायद्याचे व्याज, कोणी परिषदेत जाण्याची वाट न पाहता, देयकासोबतच अदा करावे आणि त्याचा आकडा अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा.