पाल आणि कोठडी

१९९८ च्या जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी इसमाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. अटकेची नोंद, नातलगांस खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे दंडक डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिल्यास तेव्हा दोन वर्षेही लोटली नव्हती.

महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी उभारलेल्या विमुक्त-भटक्यांच्या हक्क-संघटनेने हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे नेले. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या आणि १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त झालेल्या जमातीची कैफियत कोर्टाच्या दप्तरात दाखल व्हावी, हे मला त्या संघटनेचे फार मोठे कार्य वाटते. देशांतर केलेल्यास जग निर्वासित तरी म्हणते. पण याच जमातीतले, इंदापूरच्या माळावर पाल ठोकून राहणारे, गावात चोरी होताच पोलिसांच्या माराच्या भीतीने रातोरात चूल विझवून, वाकळा गुंडाळून पुढच्या शिवारात परागंदा होणारे जे कुटुंब, त्यास तेवढेही नाव नाही.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. ते व्हावेच, तोवर अशा संघटनांनी बारामती-इंदापुरास रात्री-अपरात्री धावून येईल असा एक वकील आणि माराच्या खुणा ओळखणारा एक डॉक्टर नेमावा. तळपायावरचे वळ थोड्या दिवसांत मावळतात, आणि मग पालातल्या बाईपाशी दाखवायला काहीच उरत नाही.