ब्लड कॅन्सर बरा झाला. आता कंबर मोजा

धार आणि देवासच्या मराठी घरांना, आणि दोन्ही जिल्हा रुग्णालयांत ज्यांच्या हाती सही-शिक्का आहे त्यांना.

लहानपणी ब्लड कॅन्सर (ल्युकेमिया) झालेलं पोरगं उपचार संपवून घरी येतं, केस परत उगवतात, गाल वर येतात, आणि घरात म्हटलं जातं, "आता कसं अंगाला लागतंय!" आजी दृष्ट काढते, काकू तूप वाढते, शेजारचे पोहे-जलेबीचा पुडा घेऊन येतात. हे पत्रक या कौतुकाविरुद्ध आहे. अंगाला नेमकं काय लागतंय हे कोणी तपासत नाही, म्हणून आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. उपचार चुकीचे नव्हते. केमो घेतली नसती तर पोर राहिलं नसतं. १९४८च्या आधी जगात कुठेच राहत नव्हतं. आज प्रगत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात. तेव्हा कोणी हे पत्रक दाखवून "केमो नको, जडीबुटी द्या" म्हणू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पण औषधांनी रोग मारला तसा शरीरावर आपला ठसाही ठेवला. अडीच-तीन वर्षांच्या उपचारात पोराला स्टेरॉइड मिळतं. ते ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको : रात्री दोनला उठून पोळी मागणारं, पोळी संपली की सेवेचा डबा शोधणारं, नाही म्हटलं तर भिंतीला डोकं आपटणारं चार वर्षांचं पोर. ती भूक त्याची नसते, गोळीची असते. सोबतच्या अ‍ॅस्परॅजिनेज या औषधाने काहींची साखर उपचार चालू असतानाच चढते. व्हिन्क्रिस्टीनने पायांची ताकद जाते, मैदानाची सवय तुटते, स्नायू कमी आणि चरबी जास्त असं शरीर घडू लागतं. आणि ज्यांच्या डोक्याला रेडिएशनचा शेक दिला गेला, त्यांच्या मेंदूतलं भूक आणि वाढ सांभाळणारं केंद्रच त्या किरणांच्या वाटेत येतं. वाढीचं हार्मोन कमी पडतं. उंची खुंटते, पोट सुटतं. पुढे पंचविशी-तिशीत बीपी, चढलेलं कोलेस्टेरॉल, यकृतात चरबी, साखर. साठीचे रोग तिशीत.

हा शेक काही अपवादाने दिलेला नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या टाटा मेमोरियलसह देशातल्या मोठ्या केंद्रांनी एमसीपी-८४१ नावाची पद्धत वापरली. तिने हजारो मुलं वाचवली, आणि तिच्यात डोक्याला १८ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) शेक होता. नव्या पद्धतींत बहुतेक मुलांना तो टाळतात. पण इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस पकडून परळच्या टाटात गेलेली ती पहिली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, दुकानं चालवतात, शाळेत शिकवतात. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की आपल्या डोक्याला शेक बसला होता?

अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत २००३ साली दिसलं, की चार वर्षांपर्यंतच्या वयात आजार होऊन डोक्याला २० ग्रे किंवा जास्त शेक मिळालेल्या मुलींत पुढे लठ्ठपणाची शक्यता कॅन्सर झालेल्यांच्या भावंडांच्या मानाने जवळपास चौपट होती. २००९ साली त्याच पाहणीतून कळलं, की लहानपणी कॅन्सर झालेल्यांत मधुमेह सख्ख्या भावंडांच्या जवळपास दुप्पट आढळतो. कोणी म्हणेल, आपल्याकडे शेक १८चा होता आणि आमचा मुलगा तर काटकुळाच आहे. त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो पाहावा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याच्या शेजारी छापला गेला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. ब्रिटिश डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, ही आपली जातकुळी. त्यावर स्टेरॉइड आणि शेक चढला की वजनकाट्याची साक्ष कसली धरता? म्हणून टेप हातात घ्या. मोठ्या मुलीची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर, मुलाची ९०च्या वर, आणि लहान मुलाची त्याच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांकडे जायचं.

आता सरकारकडे वळतो. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण भरती झाल्यावर. बरं झालेल्या मुलाची वर्षाची साधी तपासणी त्यात बसत नाही. म्हणजे हार्ट अटॅक येऊन भरती झालात तर पैसे, तो येऊ नये म्हणून कोलेस्टेरॉल तपासायला गेलात तर खिशातून. शाळेत आरोग्य पथक येतं ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. बीपी-शुगरची सरकारी तपासणी-मोहीम सुरू होते वयाच्या ३० पासून. मधली १२ वर्षं कोणाची? नेमक्या त्याच वर्षांत या मुलांचं शरीर बिघडायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना विचारणारं कोणी नसतं.

पैसा नाही म्हणू नका. १७ सप्टेंबर २०२५ला याच धार जिल्ह्यातून महिलांच्या आरोग्य तपासणीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. त्यासाठी मंडप उभा राहतो. २०२३च्या जुलैत शहडोलहून सिकल सेलची मोहीम निघाली आणि गावोगाव कार्ड वाटली गेली. मग ब्लड कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या पोराला एक कार्ड का मिळू नये? त्यावर काय काय हवं ते आम्ही सांगतो : कोणत्या वयात आजार झाला, कोणत्या पद्धतीने उपचार झाले, डाउनोरुबिसिनसारखी हृदयाला लागणारी औषधं एकूण किती गेली, डोक्याला शेक दिला का आणि किती. टाटामध्ये उपचार संपलेल्यांसाठी एसीटी क्लिनिक १९९१ पासून चालू आहे. पण धारच्या माणसाला वजन आणि बीपी मोजायला दरवर्षी मुंबई गाठायला लावणं हा पोरखेळ झाला. टेप, बीपीचा पट्टा आणि उपाशीपोटीचं रक्त याला परळ लागत नाही, धारचं जिल्हा रुग्णालय पुरतं. वर्षातून एकदा वजन, कंबर, बीपी. दर दोन वर्षांनी साखर आणि चरबीची तपासणी. गरज दिसली तर मगच इंदूर-मुंबई.

सरकारला बोल लावून आपण सुटत नाही. फाइल माळ्यावर कोण टाकतं? आपणच. मुलगी विशीत आली की आई हळूच सांगते, "तो विषय काढायचा नाही, स्थळं यायला लागलीत." मग तीच मुलगी पाच फुटाला दोन-चार इंच कमी, पोट सुटलेली, थकलेली डॉक्टरांसमोर बसते. डॉक्टर म्हणतात, खाणं आवरा. सासू म्हणते, खादाड आहे. आणि तिला स्वतःलाही ठाऊक नसतं की चौथ्या वर्षी आपल्या डोक्याला काय दिलं होतं, कारण कोणी सांगितलंच नाही. ज्या स्थळासाठी हे लपवलं त्या घरातच तिला बोलणी खावी लागतात, हे कसलं शहाणपण?

देवासकरांना तरी हे समजायला हवं. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने खंगून या गावात आले. आजार गेला, जाताना एक फुप्फुस घेऊन गेला. उरलेल्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी नव्याने रचलं, आणि हे गावाला ठाऊक होतं; कोणी त्यात लपवण्यासारखं काही पाहिलं नाही. गवयाच्या फुप्फुसाचा अभिमान आणि मुलीच्या ल्युकेमियाची लाज, हा न्याय आम्हाला पटत नाही.

तेव्हा या आठवड्यात माळ्यावरची फाइल काढा. पानांचे फोटो काढून मुलाच्या मोबाइलवर टाका, त्याच्याच, आईच्या नाही. फाइल हरवली असेल तर जिथे उपचार झाले तिथे अर्ज करून उपचाराचा सारांश मागा. कुठल्याही डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच, की लहानपणी ल्युकेमिया झाला होता. जिम लावण्याआधी हृदयाचा इको करून घ्या. उपाशी ठेवू नका, वाढत्या मुलाला तर नाहीच. सेव आणि जलेबी रोजच्या ताटातून काढली, संध्याकाळी तासभर चालवलं तरी पुष्कळ.

आणि २२ वर्षांचा मुलगा सरकारी तपासणीच्या रांगेत उभा राहिला आणि "तुझं वय बसत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं, तर भांडू नका. तेच वाक्य कागदावर, सही आणि तारखेसह मागा, त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आवक नंबर घेऊन द्या. दर मंगळवारी जनसुनावणी असते. प्रत्येक मंगळवारी असा एक तरी कागद तिथे पोचला पाहिजे.

— धार-देवासमधील काही पालक