घर विकले, सामान कधी हलवायचे?

आपल्या नवी मुंबईत घरांच्या खरेदी-विक्रीची लगबग मार्च-एप्रिलमध्ये वाढते. परीक्षा संपलेल्या असतात, जूनमध्ये मुलांना नव्या शाळेत घालायचे असते आणि पावसाआधी बिऱ्हाड हललेले बरे, असे सगळ्यांनाच वाटते. शिक्षिका असल्यामुळे कोणते कुटुंब हलणार, हे मला शेजाऱ्यांच्या आधी शाळेच्या दाखल्यावरूनच कळते.

अलीकडे यात एक नवी गोष्ट आली आहे. एजंट सांगतो, घर जसे आहे तसे दाखवू नका, सजवून दाखवा. मग जुना दिवाण गावी जातो आणि भाड्याचा सोफा येतो. नवे पडदे, भिंतीवर मोठा आरसा, कोपऱ्यात कुंडी. गिऱ्हाईक येणार त्या दिवशी मासे तळू नका, असेही बजावले जाते! अमेरिकेत याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात आणि तिथे तो एक स्वतंत्र धंदा आहे. आपल्याकडे हे काम बहुधा घरातल्या बाईच्याच अंगावर पडते.

सजावट करण्यात मला काही गैर वाटत नाही. लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे येणार असले तरी आपण चादरी बदलतोच. प्रश्न पुढचा आहे, आणि तो अनेक बहिणी विचारतात: सौदा ठरल्यावर हे सगळे कधी काढायचे? टोकन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, की चावी देताना? माझे मत असे की करार नोंदवून खरेदीदाराचे कर्ज मंजूर होईपर्यंत घाई करू नये. मात्र शेवटची रक्कम घेण्याआधी घर पूर्ण रिकामे करून दाखवावे.

घाई का नको? टोकन म्हणजे विसार. त्याने घर विकले जात नाही. नवी मुंबईतल्या बहुतेक इमारती सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. त्यामुळे सोसायटीच्या एनओसीबरोबर सिडकोची हस्तांतरणाची परवानगीही अनेक ठिकाणी लागते. त्यात खरेदीदार कर्ज काढणार असेल तर बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येतो आणि वकील कागद तपासतो. या वाटेवर कुठेही सौदा अडकू शकतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने टोकन मिळताच भाड्याचे फर्निचर परत केले, स्वतःचे निम्मे सामान नातेवाइकांकडे पाठवले. तीन आठवड्यांनी खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाले. घर पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा भिंतींवर खिळ्यांची भोके होती, फ्रिजच्या जागी काळा चौकोन उमटला होता, आणि येणारा प्रत्येक जण ‘यांना घाई आहे’ असे ओळखून भाव पाडून मागत होता. सोफ्याचे आणखी दोन महिन्यांचे भाडे त्यापुढे काहीच नव्हते.

करार नोंदवला गेला, त्यात ठरलेली रक्कम खात्यात आली आणि बँकेचे मंजुरीपत्र दिसले, की आवराआवर सुरू करावी. आधी शोभेच्या वस्तू आणि भाड्याचे सामान, मग माळ्यावरचे. रोजच्या वापराची भांडी आणि मुलांची पुस्तके शेवटी. मुलाची परीक्षा किंवा रमजानचे शेवटचे दहा दिवस मध्ये येत असतील तर तारीख ठरवतानाच ते सांगून टाकावे. नंतर मुदत मागताना कसनुसे होते.

आता दुसरी बाजू. सजावट शेवटपर्यंत ठेवणारेही असतात आणि त्यातल्या काहींचा हेतू साफ नसतो. नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींना गळतीचा जुना आजार आहे. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या चौकटीखालचा भाग आणि वरच्या मजल्यावरच्या संडासाखालचे छत, या तीन ठिकाणी ओल हमखास सापडते. तिथेच नेमके उंच कपाट किंवा तो मोठा आरसा उभा असेल तर? आपल्या प्रेषितांची (स.) बाजारातली ती घटना अनेकांना माहीत असेल. धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरून कोरडे असलेले धान्य आतून ओले निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. पण ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हाच प्रश्न त्याला विचारला गेला. ओल आली हा विक्रेत्याचा दोष नव्हता, ती खाली ठेवली हा होता. ऐब लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा हक्क फिक्हमध्ये खरेदीदाराला आहे. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगायचा असतो. ताबा देईपर्यंत घराची नीट काळजी घेणे हेही त्याच कलमाने विक्रेत्यावर टाकले आहे. म्हणजे कपाट ओढताना फरशी फुटली तर ती आपणच बदलून द्यायची.

म्हणून ओल असेल तर पहिल्याच भेटीत सांगावी. भाव थोडा उतरेल, पण शेवटच्या दिवशी उघड्या भिंतीसमोर होणारी भांडणे टळतील. खरेदीदारानेही संकोच करू नये. ‘उरलेली रक्कम देण्याआधी रिकामे घर पाहू द्या’ हे वाक्य करारातच घालून घ्यावे. अमेरिकेत व्यवहार पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी खरेदीदार अशी शेवटची फेरी मारतो आणि कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही.

सामान नेताना काय न्यायचे, यावरही चांगली माणसे भांडतात. त्याच कायद्याचे कलम ८ सांगते की वेगळे काही ठरले नसेल तर घराबरोबर दारे, खिडक्या, कुलपे, किल्ल्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू जातात. सोफा, पडदे, आरसा आपले. पण ओट्याखालच्या ट्रॉल्या? पंखे, गीझर, एसी? खरेदीदाराने फोटोत झुंबर पाहिलेले असते आणि त्याला ते घराचाच भाग वाटते. एका कागदावर यादी करून दोघांनी सह्या कराव्यात.

आणखी एक अडचण आपल्या लोकांत फार येते. व्यवहार ओळखीत किंवा नात्यात असतो. घर रिकामे दिसले की निरोप येतो, ‘भाभी, पैसे आठवड्यात येतीलच, रंगकामासाठी चावी द्या ना.’ देऊ नये. रंगारी आत गेले, ओटा फोडला आणि बँकेची रक्कम अडकली, तर घर ना तुमचे राहते ना त्यांचे होते. उलट तुम्हालाच रक्कम मिळाल्यावर नव्या घरात जायला दहा-पंधरा दिवस हवे असतील, तर तेही तोंडी न ठेवता करारात लिहावे. तेवढ्या दिवसांसाठी खरेदीदाराने थोडी रक्कम राखून ठेवली तर राग मानू नये.

शेवटच्या दिवशी वीज सुरू असू द्या. अंधारात भिंत दिसत नाही आणि दिवे, पंखे, गीझर चालवून दाखवता येत नाहीत. सगळे नळ एकदम सोडून पाहू द्या. रक्कम खात्यात आल्याची खात्री झाली की ताबा-पावतीवर तारीख, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जिन्याखालच्या टपालपेटीची किल्ली बहुतेक जण विसरतात, आणि मग सोसायटीची बिले महिनोन्‌महिने आपल्याच नावाने आत पडून राहतात.