चित्रशाळेचे दार

डिसेंबर उजाडला की पणजी शहराला कलेचे भरते येते. 2016 सालापासून भरत आलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वास्तूसारख्या पडून राहिलेल्या दालनांत देशभरच्या कलावंतांची कामे आणली. ती पाहण्यासाठी माणसे लोटतात, चित्रांपुढे उभे राहून आपलीच छायाचित्रे काढून घेतात, आणि महोत्सव आटोपून मंडप उतरले की सामान्य गोमंतकीयाचा चित्रकलेशी असलेला संबंध पुढच्या डिसेंबरपर्यंत स्थगित होतो. या महोत्सवाला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्याने पुष्कळांचे डोळे उघडले आहेत. प्रश्न उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा आहे. आपल्याच तालुक्यात, कदाचित आपल्याच वाड्यावर, कोण काय रंगवीत बसला आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

गोमंतकात चित्रकारांचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. दुर्भिक्ष होते ते प्रेक्षकांचे. सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईत नावाला चढले. सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून आले, त्यांनी मरीयेला साडी नेसवली, आणि स्वजनांची नाराजी पत्करून ते पुण्याला जाऊन राहिले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह कलावंतांच्या गटाचे अध्वर्यू ठरले व पुढे लंडन-न्यूयॉर्कचे झाले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा असला तरी घराणे गोव्याचे; त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने भरवले तेव्हा आपण त्यांना ‘आपले’ म्हणू लागलो. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे तर ‘दीपावली’ अंकातून घरोघरी पोचली होती. ते मूळचे गोव्याचे, हे मात्र ती मुखपृष्ठे जपून ठेवणाऱ्या अनेकांना माहीत नसे. परक्यांनी वाखाणल्यावाचून घरच्याकडे न पाहण्याची आपली खोड जुनीच आहे.

यापैकी पहिल्या दोघांची चित्रे आज आपल्या हाताशी आहेत. त्रिंदादांची पणजीत फोन्तैन्यश येथील फुंदासाव ओरियेंतमध्ये आहेत, तर फोन्सेकांची पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात. आमच्या वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावे, यांपैकी कोठे ते कधी गेले आहेत?

यावर असे उत्तर मिळते की ‘ही आधुनिक चित्रे आम्हाला कळत नाहीत’. आम्हाला हे उत्तर पटत नाही. श्रावण लागला की गावोगावच्या चित्रशाळांत काय चालते ते आठवावे. आपापल्या घरचे पाट तेथे पोचलेले असतात. मातीला आकार येऊ लागतो तसतशी शाळेतून परतणारी पोरे दारात खोळंबू लागतात, म्हातारेकोतारे बाकावर बसून सोंडेच्या वळणावर मत देतात, आणि डोळे उघडण्याच्या दिवशी तर कारागिराला श्वास घ्यायला जागा उरत नाही. यंदाचा रंग गेल्या वर्षीपेक्षा भडक झाला हे सांगायला तेथे कोणालाही कलाशिक्षणाची पदवी लागत नाही. इंग्रजीत ज्याला ‘ओपन स्टुडिओ’ म्हणतात ती गोष्ट आपण पिढ्यान्पिढ्या अंगणात चालवीत आलो आहोत. तयार मूर्ती पाहणे निराळे आणि ती घडताना, बिघडताना, पुन्हा लिंपली जाताना पाहणे निराळे. ज्याने हे पाहिले त्याला कळत नाही असे म्हणण्याचा अधिकार नाही.

बडोद्याने हे फार पूर्वी ओळखले. सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखा 1950 मध्ये सुरू झाली तेव्हा चित्रकला विभागाची धुरा इंदूरच्या देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेल्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. तेथील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहायला गाव लोटतो. कलामेळाव्यात अध्यापक आणि विद्यार्थी आपल्या हातची खेळणी व शोभेच्या वस्तू अल्प किमतीत विकत असत. चित्रकार हा आपल्यासारखाच हाडामांसाचा, हाताला रंग लागलेला माणूस आहे, ही ओळख बडोदेकरांना अशी घडली.

आपल्याकडे 1972 साली आल्तिनो येथे कला महाविद्यालय निघाले. सत्याग्रहात पोर्तुगिजांची अटक सोसलेल्या लक्ष्मण पै यांनी 1977 पासून दहा वर्षे त्याचे प्राचार्यपद सांभाळले. तेथून बाहेर पडलेली मुले आज गोवाभर आहेत. सुनापरांत आहे, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 2015 पासून सुबोध केरकरांचे ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे. जागा नाहीत असे नाही. परंतु निमंत्रणपत्रिका इंग्रजीत, चित्राखालची चिठ्ठी इंग्रजीत, उद्‌घाटनाची वेळ अशी की पेडण्याच्या वा काणकोणच्या माणसाला परतीची बस मिळू नये. पांढऱ्या भिंतींच्या त्या थंडगार खोलीत शिरताना त्याला आपल्या चपलांचीसुद्धा लाज वाटते! हा सोहळा आपला नव्हे असे त्याने समजावे यात नवल ते काय? आणि गावकरी न आल्यामुळे गावचा चित्रकार पर्यटकाला रुचेल तेवढेच रंगवू लागतो: नारळ, होडी, चर्चचा मनोरा. त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या पोटाचा विचार करावा.

या अपराधात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, आणि आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही. प्रदर्शनाच्या बातमीत समई पेटवणाऱ्या मंत्र्यांचे छायाचित्र येते, व्यासपीठावरील सर्वांची नावे येतात, आणि भिंतीवरील चित्रांविषयी एक ओळही येत नाही. पुष्कळदा चित्रकाराचे नाव शेवटच्या परिच्छेदात सापडते.

तेव्हा शासनाकडे बोट दाखवण्याआधी एक साधी सूचना करतो. चित्रकार-शिल्पकारांनी महिन्यातला एक रविवार ठरवून आपल्या कामाच्या खोलीचे दार सकाळी उघडे ठेवावे. अर्धवट राहिलेले चित्र झाकू नये. शिक्षकांनी आठ-दहा मुले घेऊन जावे. पंचायतीने फलकावर मराठी-कोकणीत दोन ओळी लिहाव्यात. ज्या कलावंतांना हे करावेसे वाटेल त्यांनी गाव, वाडा आणि वेळ आमच्या कार्यालयात कळवावी. त्यांची यादी दर शनिवारी पहिल्या पानावर, विनामूल्य, आम्ही छापू.