सासऱ्यांच्या कॅमेऱ्याला कोणती झूम?

सासऱ्यांचा निकॉन एफएम२ कपाटातून काढला, तर ५० मि.मी. लेन्स बुरशीने धूसर झालेली. पावसाळे सोसले नाहीत तिला. मुलगा म्हणाला, "आई, २८-२०० झूम घे, सगळं येईल." मला नाही पटलं. घरात आपण टिपतो काय? ओट्यापाशी सासूबाई, दारातली रांगोळी, गच्चीवरचे पापड. त्याला ३५-१०५ भरपूर झाली. ३५ वर बरंचसं स्वयंपाकघर मावतं, १०५ वर लांबून चेहरा घेता येतो. कॅमेरा जवळ दिसला की सासूबाई पदर सावरून ताठ होतात हो! म्हणून मला ते लांबून टिपणंच मोलाचं.

जुनी घेताना काचेतून टॉर्च मारून बुरशी बघाच. आणि लेन्सवर ॲपर्चरची रिंग हवी. नव्या 'जी' लेन्सना ती नसते, मग या कॅमेऱ्यावर ॲपर्चर आपल्या हाती राहत नाही.

एक उणीव आहे. माझी झूम एफ/३.५ ते ४.५ ची, संध्याकाळी घरात ४०० चा रोलही अपुरा पडतो. म्हणून सासूबाईंचे फोटो सकाळी, खिडकीपाशी. त्यांना आता ८४ वं लागलंय. ३६ चा रोल पुरवून पुरवून वापरणं मी सोडून दिलंय.