पावती जपून ठेवा!

रविवारी सकाळी आठ वाजता माझा मोबाइल वाजला, तर तो फक्त डॅलसहून वाजतो. पुण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे की त्या वेळी मी या जगात नसते. आमची ताई, म्हणजे माझी मावसबहीण, तिच्या शनिवारी रात्री मुलांना झोपवून फोन करते. पहिली पाच मिनिटं बाकरवडी, मावशीचा गुडघा आणि 'तू लग्न कधी करतेयस' यात जातात. परवा मात्र तिने डायरेक्ट विचारलं, "अगं, तू जर्नलिस्ट आहेस ना? मग सांग, माझ्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी शॉपिंग केलं तर बिल कुणी भरायचं?"

माझी झोप खाडकन उडाली.

किस्सा असा. ताई-जिजूंनी चार वर्षांपूर्वी घर घेतलं, तेव्हा तीन-चार कंपन्यांकडे होम लोनचे अर्ज टाकले होते. जिथे व्याज कमी, तिथून लोन घेतलं आणि बाकीच्यांना विसरून गेले. कंपन्या मात्र त्यांना विसरल्या नव्हत्या! त्यातल्याच एका कंपनीचं मागच्या वर्षी पत्र आलं. आमच्या सिस्टिममध्ये कुणीतरी शिरलं होतं, तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्या हाती लागला असावा, तसदीबद्दल क्षमस्व. जिच्याकडून एक डॉलरही घेतला नाही, त्या कंपनीचं पत्र! ताईला वाटलं जाहिरात आहे. ते फ्रिजवर, पिझ्झाच्या कुपनांखाली गेलं. आणि आता एका स्टोअरचं क्रेडिट कार्ड तिच्या नावावर निघालंय, त्यावर १,९०० डॉलरची खरेदी झालीय आणि बिल ताईच्या दारात.

"पोलिसांत गेलीस?"

"वेडी का तू? आम्ही व्हिसावर आहोत. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं उभे आहोत. त्यात पोलीस आणि कोर्टकचेऱ्या कशाला? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आई म्हणायची ना? मी सरळ पैसे भरून मोकळी होते."

"ताई, एक डॉलर भरू नकोस. मला चार दिवस दे," असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. आता गंमत बघा. मास कॉमला मीडिया लॉचा एकच पेपर होता आणि त्यात मी जेमतेम पास झाले होते. पण बहिणीसाठी काय काय वाचावं लागतं!

पहिली गोष्ट कळली ती ही, की ताई एकटी नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला 'मिस्टर कूपर' या मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला. तिचं ऑफिस टेक्सासमध्ये, डॅलसच्या शेजारच्या कोपेलला. सुमारे १ कोटी ४७ लाख लोकांची माहिती गेली. त्यात असेही लोक होते ज्यांचं लोन कधीकाळी तिच्या जुन्या नावाच्या किंवा सहयोगी कंपनीकडे होतं, किंवा ज्यांनी नुसता अर्ज केला होता. जेमतेम दोन महिने झाले, तोवर जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'लोनडेपो'चा नंबर लागला. तिथे आकडा होता साधारण १ कोटी ६९ लाख.

होम लोनवाल्यांकडेच का? सोपं आहे. जिमवाल्याकडे तुमचा फोन नंबर असतो. होम लोनवाल्याकडे तुमचा पगार, टॅक्स, बँक खातं, जन्मतारीख, बायकोचा पगार, सगळं एकाच फाइलमध्ये असतं. चोराला घरफोडी करायची गरजच नाही, तिजोरी पॅक करूनच ठेवलेली!

तर ताईसाठी मी जी यादी केली, ती इथे देतेय. तुमचीही कुणीतरी ताई, दादा, रूममेट किंवा एक्स तिकडे असणारच. फॉरवर्ड करायला हरकत नाही (एक्सला नाही केलंत तरी चालेल).

आधी कुलूप. अमेरिकेत क्रेडिटची माहिती ठेवणारे तीन मोठे ब्यूरो आहेत : इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन. तिघांकडेही आपली फाइल 'फ्रीज' करता येते. मग आपल्या नावावर नवं कार्ड काढायला कुणी गेलं, तर देणाऱ्याला फाइलच दिसत नाही. सप्टेंबर २०१८ पासून हे संपूर्ण फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं तर एका कामाच्या दिवसात फ्रीज करावं लागतं, आणि आपल्याला लोन हवं असेल तेव्हा तासाभरात उघडून द्यावं लागतं. कंपनी पत्रात जे 'दोन वर्षं फुकट क्रेडिट मॉनिटरिंग' देते, ते घ्यावं. पण तो वॉचमन आहे, कुलूप नाही. वॉचमन फक्त सांगतो, 'मॅडम, चोर येऊन गेला.'

मग तक्रार. ताईची सगळ्यात मोठी भीती इथेच होती. पण सुरुवात पोलीस चौकीत करावी लागत नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटी थेफ्टच्या साइटवर घरबसल्या रिपोर्ट तयार होतो. तो रिपोर्ट, ओळखीचा पुरावा आणि 'हे खातं माझं नाही' असं पत्र ब्यूरोंना पाठवलं, की चार कामाच्या दिवसांत ती खोटी नोंद त्यांना ब्लॉक करावी लागते. तेच कागद कार्ड देणाऱ्या कंपनीलाही पाठवायचे. न काढलेल्या कार्डाचं बिल भरायला ताई बांधील नाही. उलट गुपचूप भरलं, तर खातं आपलंच आहे असं कबूल केल्यासारखं दिसतं.

आता कोर्टाची पायरी. इथे मला खरा धक्का बसला. अमेरिकेत ही पायरी बऱ्याचदा दुसराच कुणीतरी आपल्यासाठी चढून गेलेला असतो! त्याला म्हणतात 'क्लास अॅक्शन'. दोन-चार ग्राहक सगळ्यांच्या वतीने दावा लावतात, वकील आपली फी बहुतेक वेळा मिळालेल्या रकमेतूनच घेतो. तडजोड झाली की बाकीच्यांना पोस्टकार्ड किंवा ई-मेल येतो. त्यात साधारण तीन रस्ते असतात. मुदतीत क्लेम फॉर्म भरायचा. किंवा 'मला यातून वगळा' असं कळवून स्वतःचा वेगळा दावा लावायचा हक्क राखायचा. किंवा आत राहून 'ही तडजोड मला मान्य नाही' असं कोर्टाला लिहायचं. काहीच केलं नाही तर? तर बहुधा पैसेही नाहीत आणि दाव्याचा हक्कही गेला. म्हणजे कुपनांखाली पडलेलं कार्ड महागात पडू शकतं. आणि या वर्गात कोण बसतं, हे माहिती कुणाची गेली यावर ठरतं, पासपोर्टच्या रंगावर नाही.

आणखी एक चांगली गोष्ट. तिकडच्या बहुतेक करारांत 'भांडण झालं तर कोर्टात जाणार नाही, लवादाकडेच जाईन' अशी बारीक अक्षरातली अट असते. पण राहत्या घराच्या कर्जाच्या करारात अशी सक्ती घालायला २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने मनाई केली आहे.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांकडे एक जास्तीचा पत्ता आहे. कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवली नाही म्हणून ठरावीक प्रकारची माहिती चोरीला गेली, तर तिथला २०२० पासूनचा कायदा नुकसान सिद्ध न करताही भरपाई मागू देतो. मूळ कायद्यात ती दर माणशी १०० ते ७५० डॉलर होती, पुढे महागाईप्रमाणे थोडी वाढली. टेक्सासच्या ताईला मात्र तो लागू नाही.

आता कडू गोळी. माहिती गेली म्हणजे पैसे मिळालेच, असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ' खटल्यात सांगितलं की फेडरल कोर्टात भरपाई हवी तर ठोस नुकसान दाखवा, 'पुढेमागे होईल' ही भीती पुरेशी नाही. ८,१८५ जणांपैकी ज्यांचे चुकीचे रिपोर्ट खरंच बाहेर पाठवले गेले होते, त्या १,८५३ जणांनाच त्या मुख्य मुद्द्यावर दावा लावता आला. शिवाय कंपनीचा वकील विचारणारच : तुमचा नंबर आमच्याकडूनच गेला कशावरून?

आणि मिळाले तरी किती? इक्विफॅक्सचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१९ च्या तडजोडीत १२५ डॉलर रोख घ्यायचा पर्याय होता. पण त्या रोखीसाठी बाजूला ठेवले होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. लोकांची अशी झुंबड उडाली की ट्रेड कमिशनलाच जाहीर करावं लागलं, १२५ विसरा, खूप कमी मिळतील. ज्यांनी खर्चाचे कागद आणि घालवलेल्या तासांचा हिशेब ठेवला होता, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद होती : तासाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २० तास. गोष्टीचं तात्पर्य? नुकसान सगळ्यांचंच होतं, पण भरपाई मागताना कागदवाल्याची बाजू भक्कम असते.

हे सगळं वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. मी आणि माझ्या भावाने मिळून दोन वर्षांपूर्वी वन बीएचके बुक केला. पॅन, आधार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, हे सगळं मी कुणाला पाठवलं? लोन एजंटला. व्हॉट्सअॅपवर. पझेशन मिळायच्या आत मॉड्युलर किचनवाल्याचा फोन आला आणि त्याला माझा मजलासुद्धा माहीत होता!

मग आपल्याकडे काय? माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली, संवेदनशील माहिती निष्काळजीपणे सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठरली. त्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. वाचून टाळ्या वाजवणार होते, तेवढ्यात पुढचं वाचलं : दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याची माहिती गेली त्याला नाही. आणि हा भाग लागू झाला की कलम ४३-अ सुद्धा जाणार. मग उरतो ग्राहक आयोग, सेवेतल्या त्रुटीसाठी. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, फुकट. पैसेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन. आणि प्रत्येक क्रेडिट ब्यूरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, तो आजच मागवा. चुकीची नोंद ३० दिवसांत सुधारली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून आहे.

पुढच्या रविवारी आठ वाजता मीच फोन लावला. ताईने तिन्ही ब्यूरोंकडे फ्रीज केलं होतं, रिपोर्ट भरला होता. कुपनांखाली ते पत्र सापडलंच, आणि त्यालाच चिकटलेलं तडजोडीचं पोस्टकार्डही. क्लेमची मुदत संपायला अकरा दिवस बाकी होते.

"मिळणार किती गं?" तिने विचारलं.

"कदाचित पिझ्झाचेच पैसे सुटतील," मी म्हटलं. "पण ते १,९०० तू भरणार नाहीयेस."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "एक वही केलीय. कुणाशी बोलले, किती वाजता, किती वेळ होल्डवर ठेवलं, सगळं लिहितेय. आईच्या वाण्याच्या वहीसारखी."

मावशीची वाण्याची वही! त्यात चार आण्यांची हळदसुद्धा तारखेसह असायची. कोर्टाची पायरी चढू नये म्हणणाऱ्या मावशीने वाण्याला कधी एक पैसा जास्त दिला नाही, ते त्या वहीच्या जोरावरच.